आदल्या दिवसाचं पाणी

ठिबकच्या नळ्या पसरून वर्ष झालं, तरी दोन भावांच्या सामाईक विहिरीत पाणी उरत नव्हतं. दोष नळ्यांचा नव्हता. थोरला महिनाभर पुदिन्याला थेंबाथेंबाने पाणी द्यायचा आणि कापणीच्या आदल्या दिवशी मोठा वाल्व उघडून वाफे तुडुंब भरायचा. पूर्वी व्यापारी हिरवा पाला वजनावर घ्यायचे, तेव्हाची ही सवय. आता कारखाना वाळलेला पालाच घेत होता, पण हात जुनाच राहिला होता.

यंदा झरा बारीक झाला होता. धाकटा परगावी कामाला. त्याच्या बायकोने एकटीने सब्जाची रोपं लावली होती, जेमतेम बोटभर. ती जगतील एवढंच पाणी विहिरीत होतं. यंदा वाफे भरू नका, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. थोरल्याने ऐकल्यासारखं केलं आणि विषय सासूबाईंच्या गुडघेदुखीवर नेला.

कापणीच्या दोन दिवस आधी पाण्याचा सल्ला देणारी ताई आली. तिनेही तेच सांगितलं.

"पाणी न पाजता कापलं तर जुडी मरगळते, ताई. चार माणसं बघतात," थोरला म्हणाला.

ताईने एक वाफा तरी कोरडा ठेवा म्हणून गळ घातली. तुमच्या हौसेखातर, म्हणत त्याने तो ठेवला आणि कापणीच्या आदल्या दिवशी उरलेले अकरा भरले. दुपारी पंप हवा ओढू लागला, तेव्हा कुठे त्याने तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी ताईने दोन्हीकडच्या शंभर-शंभर काड्या मोजून काट्याला लावल्या. कोरडी जुडी एक किलो सहाशे, ओली बरोबर दोन किलो.

थोरला खुलला. "आता सांगा, हे चारशे ग्रॅम कुठून आले?"

"विहिरीतून," ताई म्हणाली. "वाळले की जातील."

दोन्ही जुड्या वाळवणीच्या जाळीवर ठेवल्या. पाचव्या दिवशी काटा एकीला तीनशे दहावर थांबला आणि दुसरीलाही तीनशे दहावरच. शिवाय ओल्या जुडीतली आतली पानं काळी पडली होती.

थोरल्याने काटा झटकून पुन्हा वजन केलं. तेवढंच भरलं.

"म्हणजे मी सगळी विहीर हवेत उडवली," तो म्हणाला.



तो पंपघरात गेला, वाल्वची किल्ली काढली आणि बांध ओलांडून पलीकडे गेला. पाच दिवसांच्या उन्हात रोपं जागच्या जागी करपली होती. धाकट्याची बायको नळ्या गुंडाळत होती.

"आजपासून पाणी तू सोडायचंस. चुकलं माझं."

तिने किल्लीकडे पाहिलं. "दादा, हीच किल्ली मागच्या आठवड्यात दिली असतीत तर!"

तरीही तिने ती घेतली आणि पदराला बांधली. विहिरीत तेव्हा वीतभर चिखल होता.

मंडळी, ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं, असं नाही. हाताची सवय सुटली नाही तर महिनाभर राखलेलं एका दिवसात जातं आणि त्याची झळ पहिल्यांदा शेजारच्या वाफ्याला लागते. थोरल्याला हे आता पुरतं कळलं आहे. पुढच्या कापणीआधी तो वाल्वकडे फिरकणारही नाही. पण पुढची कापणी होईल की नाही, हे आता त्याच्या हातात उरलेलं नाही.