एक्केचाळिसावी ओळ

हैदराबादच्या जामबागेतल्या मराठी मंडळाने कॉम्प्युटरवर लिनक्स स्वीकारलं ते काही तत्त्वासाठी नव्हे; फुकट होतं म्हणून. प्रिंटर मात्र जुनाच राहिला. त्याला कॉम्प्युटरशी जोडणारा ड्रायव्हर बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलं होतं, आणि मंडळाची वार्षिक सभा आज दुपारी चारला होती.

चिटणीस प्रमोद सोळंके सकाळपासून मतदारयादीपुढे बसला होता. अठ्ठेचाळीस सभासद, आडनावांप्रमाणे. मागच्या सोमवारी कच्ची यादी छापली, तेव्हा पडद्यावर सगळ्या पुरुषांपुढे 'श्री.' होतं, कागदावर एक्केचाळिसाव्या ओळीत 'कै. हिम्मतराव शेळके' आलं. हिम्मतराव समोरच चहा पीत बसले होते. "अरे, निदान मत तरी टाकू दे की!" म्हणून ते खो खो हसले. गुरुवारी ते गेले. वय अठ्ठ्याहत्तर. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. निदान तसं कुणी बोललं नाही.

प्रमोदने त्यांचं नाव काढलं. खालची नावं एकेक ओळ वर सरकली. आज यादी पुन्हा छापली, तर एक्केचाळिसाव्या ओळीत 'कै. नामदेवराव सोळंके'.

नामदेवराव म्हणजे प्रमोदचे वडील. कोठी भागातल्या दवाखान्यात होते, आणि डॉक्टरांनी उद्या घरी न्यायला सांगितलं होतं.

दुरुस्तीला शेजारच्या गल्लीतली प्रणिता आली. नोकरी कॉम्प्युटरची, जन्म हैदराबादचा, मराठी बोलण्यापुरतं.

"काका, हे 'कै.' काय आहे? डिग्री आहे का?"

"हो. शेवटची. माणूस गेल्यावर नावापुढे लावतात."

"अय्यो."

तिने ड्रायव्हर काढून टाकला, दुसरा घातला, छपाईचे अडकून पडलेले जॉब रद्द केले. टेस्ट पेज स्वच्छ आलं. यादी छापली. कै.

"ड्रायव्हर बिघडला तर अक्षर तुटतं काका, चौकोन येतात. एक शब्द काढून दुसरा बरोबर शब्द नाही टाकत तो. ड्रायव्हरला मराठी कुठं येतं? मलाच येत नाही."

"मग ह्याला कसं आलं?"

प्रणिताने प्रिंटरपासून खुर्ची मागे सरकवली. "मी चहा आणते," ती म्हणाली, आणि जरा घाईनेच बाहेर पडली.

प्रमोदने वडिलांचं नाव यादीतून काढलं. सभासदत्व गेलं तरी चालेल, सभासद राहायला हवा. त्याने छापायचा हुकूम दिला. प्रिंटर थोडा वेळ गप्प राहिला, जणू काही शोधत होता. मग गरम कागद बाहेर आला.

एक्केचाळीस. कै. प्रमोद सोळंके.

म्हणजे नाव कुणाचंही चालत होतं. ओळ तीच लागत होती.

स्वतःचं नावही काढता आलं असतं. पण खालची ओळ रंजना हराळेंची होती, आणि त्यांचा मुलगा यंदा दहावीला होता. तिथे दुसरं एखादं नाव सरकवता आलं असतं. मंडळात अशी दोन-तीन नावं होती. ती त्याला फारच चटकन आठवली, तेव्हा त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

प्रणिता चहा घेऊन आली. तिने कागद उचलला, बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. "काका, हे तर तुमचं... थांबा, बाबांचं नाव परत टाकून बघते."

"नक्को!" प्रमोद ओरडला. मग सावकाश म्हणाला, "यादी आता बरोबर आहे. पन्नास प्रती काढ."

ती काढेना. शेवटी त्यानेच बटण दाबलं. कागदावर कागद पडू लागले, आणि त्याने बायकोला फोन लावला.

"ज्योती, उद्या बाबांना आणायला तू जाशील?"

"आणि तुम्हाला काय झालं?"

"मला कुठे काय झालंय," प्रमोद म्हणाला. "अजून."

"काय?"

"काही नाही. सकाळी लवकर जा. बाबा वाट बघत बसतात."