चाबूकस्वाराचा सासरा

"मामा, हाताला वेढा मारा! सुटला तर तुमच्या नावानं खडे फोडीन!"

चाबूकस्वार ओरडला आणि त्याच दमात त्याने काळ्या बछेड्याच्या पोटाखालून चाबूक ओढला. बछेडा मागच्या पायांवर उभा राहिला. पाठीवरचं खोगीर घसरून पोटाखाली लोंबू लागलं. बागडोरीच्या दुसऱ्या टोकाला मोतद्दार होता. घोड्याचा दोर हाताला कधी गुंडाळू नये, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? डाव्या हाताची करंगळी त्याने तरुणपणी अशाच एका वेढ्यापायी गमावली होती. पण हुकूम जावयाचा होता. त्याने दोर पंजाभोवती गुंडाळला आणि टाचा मातीत रोवल्या.

फटका. पुन्हा फटका. बछेड्याच्या काळ्या कातडीवर रक्त आधी दिसत नव्हतं, ओघळून पांढऱ्या पायावर आलं तेव्हा दिसलं. तोंडाला फेस आला, गुडघे लटपटले, तरी खोगीर पाठीवर ठेवलं की तो अंग झाडायचाच.

"तुमच्या लाडांनी बिघडलाय हा," चाबूकस्वार धापा टाकत हसला. त्याचं हसू छान होतं. त्या हसण्यावरच तर मोतद्दार भाळला होता. "न्या, धुवा, चंदी द्या. दुपारी पुन्हा बघतो याच्याकडं. आणि हो, मामा, संध्याकाळी तुमच्या लेकीलाही घेऊन जातो. झाला की आराम."

"बरं, जावईबापू," मोतद्दार म्हणाला.

बाहेरच्या माणसाला पागेतली सगळी माणसं सारखीच वाटतात. पण मोतद्दाराला कुणी चुकून चाबूकस्वार म्हटलं, तर हा मवाळ माणूस फटकन दुरुस्ती करी. मोतद्दार म्हणजे चंदी-पाणी, खरारा, मालिश, टापेतला खडा काढणं, जखम धुणं. चाबूकस्वार म्हणजे नव्या घोड्याला खोगीर सोसायला शिकवणारा. "ते मोडतात, मी सांधतो," असं तो वर छाती काढून सांगे. चांगल्या चाबूकस्वाराचा चाबूक नुसता मिरवायला असतो, हेही पूर्वी सांगायचा. जावई या पागेत आल्यापासून तेवढं एक वाक्य त्याने गिळून टाकलं होतं.

पोरगी त्यानेच दिली होती. ताठ बसणारा, मालकाच्या मर्जीतला, दारूच्या थेंबाला न शिवणारा मुलगा. आणखी काय बघायचं? लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेरी आली तेव्हा तिच्या पाठीवरचे वळ त्याने एका नजरेत ओळखले. चाबकाच्या टोकाला गाठ असते. ती जिथे बसते तिथे वळाच्या शेवटी बोराएवढी जखम होते. घोड्यांच्या अंगावरच्या तसल्या जखमा तो रोज धुवत होता. त्याने मिठाचं कोमट पाणी केलं, पोरीची पाठ धुतली, चार दिवस ठेवून घेतलं आणि नेऊन पोचवलं. त्यानंतर ते तसंच चालत आलं होतं.

बछेड्याला ठाणावर बांधून त्याने बादली आणली. "झोंबेल जरा, मग बरं वाटेल," तो कानाशी पुटपुटला. पाणी लागताच बछेड्याचं सगळं अंग शहारलं, पण त्याने लाथ मारली नाही. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. एवढा मार खाल्लेलं जनावर आपल्यावर इतका विश्वास टाकतं, याचा मोतद्दाराला आजवर अभिमानच वाटत आला होता.

पागेच्या मागे त्याची खोली होती. खिडकीतून रिंगण दिसे. पुन्हा माहेरी आलेली लेक खिडकीशीच उभी होती. ओठाची सूज उतरली होती, डोळ्याखालचं निळं पिवळं पडलं होतं.

"संध्याकाळी न्यायला येतायत," तो म्हणाला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं. आता बरी झालीस ना तू."

ती हसली, आणि हसताना ओठ पुन्हा फुटला. "त्यालाही धुतलंत ना आता? म्हणजे दुपारी परत उभा राहील मार खायला."

"अगं, ते माझं काम आहे. मी मोतद्दार. चाबूकस्वार वेगळा."

"मारणाऱ्याला वेगळा असेल, बाबा. मार खाणाऱ्याला काय? एक जण मारतो आणि दुसरा धरून ठेवतो."

त्याचा हात उचलला गेला. आयुष्यात कधी जनावरावरही न उचललेला हात. ती मागे सरकली नाही, ओरडली नाही. सवयीने डोळे मिटून, मान खाली घालून नुसती उभी राहिली. मोतद्दाराने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दोराचा लाल वेढा त्यावर अजून उमटलेला होता. त्याला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. हात खाली घेऊन, न जेवताच तो बाहेर पडला.

दुपारी रिंगणात चाबूकस्वाराने चाबूक उलटा धरला. जाड मुठीचा पहिला तडाखा बछेड्याच्या नाकाडावर बसला, दुसरा कानामागे. बछेडा किंचाळला.

"जावईबापू, तोंडावर नको! डोळा जाईल!"

"एक गेला तर एक राहील! वेढा मारा तुम्ही!"

मोतद्दाराने वेढा मारला नव्हता. तिसरा तडाखा डोळ्याखाली बसला, बछेडा ताडकन उभा राहिला, आणि मोतद्दाराने मूठ उघडली. दोर तळहाताची साल काढत सरकन निघून गेला.

पुढचं एका श्वासात झालं. दोन्ही टापा चाबूकस्वाराच्या छातीवर आल्या. तो पडला, आणि बछेडा त्याच्या मांडीवरून गेला. हाड मोडल्याचा आवाज वाळक्या फांदीसारखा आला. मग बछेडा दूरच्या कुंपणाला पाठ लावून थरथरत उभा राहिला.

मोतद्दार धावला. दोन फळ्या आणि खोगिराचा पट्टा घेऊन त्याने जावयाचा पाय घट्ट बांधला, जसा त्याने आजवर पागेत पडलेल्या अनेकांचा बांधला होता.

"सोडलात तुम्ही," चाबूकस्वार दातओठ खात म्हणाला. "मुद्दाम सोडलात, मामा!"

"हो," मोतद्दार म्हणाला. "हलू नका. हाड सरकेल."

चाबूकस्वाराला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि मालक बंदूक घेऊन आला. माणसाच्या अंगावर गेलेला घोडा ठेवायचा नाही, हा त्याच्या पागेचा नियम होता. मोतद्दार बछेड्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो."

"मालक, घोड्यात खोट नाही. दोर मी सोडला."

"निसटला असेल. वय झालं तुझं."

"निसटला नाही. सोडला."

"सख्खा जावई आहे तुझा! पोलीस विचारतील."

"त्यांनाही हेच सांगीन."

बंदुकीची नळी हळूहळू खाली गेली. "चालता हो," मालक म्हणाला. "खोली आत्ताच्या आत्ता मोकळी कर. पुन्हा या दारात दिसलास तर याच बंदुकीनं तुला गोळी घालीन."

"आणि हा?"

"राहील. नवा चाबूकस्वार बघतो मी."

घोड्याच्या बदल्यात द्यायला मोतद्दाराकडे आता काही उरलं नव्हतं. त्याने बछेड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला. मानेवर रक्त लागलं. ते त्याच्या तळहाताचं होतं.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला नळ होता. लेकीने पत्र्याची पेटी खाली ठेवली आणि त्याला पेटीवर बसवलं. कुठे जायचं हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नव्हता. तिने निघताना पुरचुंडीत मीठ बांधून घेतलं होतं. ते तिने लोट्यातल्या पाण्यात विरघळवलं आणि ओढणीचं टोक भिजवलं.

चंदीची वेळ झाली होती. आत ठाणावरून बछेडा खिंकाळला. मग थांबून पुन्हा खिंकाळला. मोतद्दार अर्धवट उठला.

लेकीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. "द्या तो हात इकडे," ती म्हणाली. "झोंबेल जरा."