आकसाचे सहा महिने

"बाही जमिनीला टेकली," मी म्हणालो.

इंद्रनील एका पायावर उभा होता. दुसरा पाय पांढऱ्या पोशाखात अर्धा शिरलेला. "नाही हो काका. दोन्ही बाह्या मुठीत धरल्यात मी. बघा ना."

"टेकली. मी पाहिली."

ती टेकली नव्हती. हे सत्य मी प्रारंभीच लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी नोंदपत्रावर मी त्याच्या विपरीत लिहिले आणि खाली स्वाक्षरी केली.

रिंगास्किडी या आयरिश गावातील एका औषध कारखान्याच्या निर्जंतुक विभागात मी सफाई कामगार होतो. तेथे इंजेक्शने भरली जातात. आत जाणाऱ्या प्रत्येकाने हात धुऊन, नखशिखांत पांढरा पोशाख चढवावा आणि तो चढवताना त्याचा कोणताही भाग भूमीला स्पर्शू नये, असा नियम आहे. माझे काम चोख म्हणून नवागतांची ही परीक्षा घेण्याचे दायित्व मजकडे आले. मी दहावीला दोनदा नापास झालेला मनुष्य. पत्नी चित्रा परिचारिका, तिच्या नोकरीमुळे मी या देशी आलो. डॉक्टरेट मिळवलेली माणसे माझ्यापुढे एका पायावर उभी राहत, एवढेच काय ते माझ्या आयुष्यातील उच्चासन.

दुसरे एक आसन मी मनातल्या मनात बांधले होते. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या कॅरिगलाइन गावच्या ग्रंथालयात एका सचित्र पुस्तकात मला काही माणसे दिसली. शुभ्र वस्त्रे नेसलेली, भोजनापूर्वी स्नान करणारी, मौन पाळून जेवणारी. मला वाटले, ही तर आमच्याच विभागातील मंडळी! ते दोन हजार वर्षांपूर्वीचे ज्यू धर्मातील एसीन पंथीय होते. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेली चर्मपत्रे त्यांचीच, असे पुष्कळ विद्वान मानतात. तेव्हापासून शब्दकोश शेजारी ठेवून मी त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत आलो.

सन २०२१ च्या मार्चमध्ये तिकडच्या एका गुहेत नवे तुकडे सापडल्याची बातमी आली. टाळेबंदीमुळे मराठी मंडळाची व्याख्याने रविवारी संगणकावरच होत. या विषयावर मी बोलतो, असे सांगण्यास मी कार्यवाह निवेदिताताईंना फोन केला.

"अहो काका, टॉपिक भारीच आहे! पण इंद्रनील करतोय ना. त्याच्या स्लाइड्स रेडी आहेत. तुम्ही आभार मानाल का शेवटी? प्लीज, हां?"

चित्रा म्हणाली, "मग माना की आभार. चार वाक्यं तर बोलायचीत."

"चार वाक्यांसाठी मी नऊ वर्षे वाचले नाही."

"त्या पोराने तुमचं काय घोडं मारलंय?"

तो अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याचा, उत्तम इंग्रजी बोलणारा, नुकताच रुजू झालेला शास्त्रज्ञ. त्याचे हसणेसुद्धा मला सलत असे. तशात सोमवारी तो परीक्षेसाठी माझ्यासमोर उभा राहिला, आणि मी त्याला अनुत्तीर्ण केले. फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी. तोवर त्याला प्रयोग सोडून बाहेर कागद चाळत बसणे भाग होते.

रविवारी व्याख्यान झाले. ते वाईट व्हावे, अशी मी सकाळपासून इच्छा धरली होती. ते उत्तम झाले. पाळीवरून आलेली चित्रा अंगावरचा गणवेशही न बदलता ऐकत बसली.

"या पंथाच्या नियमांचं एक चर्मपत्र आहे," इंद्रनील म्हणाला. "सभेत झोपलात, तीस दिवस शिक्षा. मूर्खासारखं खदखदून हसलात, तीस दिवस."

पडद्यावरच्या एका चौकोनात नरेश डोळे मिटून बसला होता. "नरेश, तुझे तीस झाले रे!" कुणीतरी ओरडले. सगळे हसले.

"तुमचेही तीस!" नरेश डोळे न उघडताच म्हणाला.

मग इंद्रनीलने एक ओळ मोठी करून दाखवली. "आणि हे बघा. सोबत्याविषयी विनाकारण आकस धरला, तर सहा महिने. पण ओळीच्या वर बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलंय, एक वर्ष. शिक्षा वाढवली. का, ते मला ठाऊक नाही. मी पंधरा दिवसच वाचतोय. पुरुषोत्तमकाका नऊ वर्षं वाचतायत म्हणे. काका, तुम्ही सांगता?"

याच क्षणाची मी नऊ वर्षे वाट पाहिली होती. वीस-पंचवीस चौकोन माझ्याकडे पाहत होते. विद्वानांची मते मला मुखोद्गत होती, परंतु त्यांतील एकही ओठांवर येईना.

"सहा महिन्यांत आकस जात नसेल," मी म्हणालो.

मग निवेदिताताई "वा, काका!" म्हणाल्या आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रनीलच्या टाळ्या तर थांबेनात. तो मनापासून आनंदला होता, आणि तेच मला सहन होईना. आभार मी मानले की नाही, स्मरत नाही.

सोमवारी सकाळी मी पर्यवेक्षिका शिवॉनबाईंच्या खोलीत गेलो आणि नोंद खोटी असल्याचे सांगितले.

"तुमची चूक झाली असेल, पॉल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. तेथे मला पॉल म्हणत. "नीट दिसलं नसेल. तसंच लिहू या? ठीक आहे?"

"मला नीट दिसले होते. आकसापोटी खोटे लिहिले."

त्यांनी पेन खाली ठेवले. औषधांच्या कारखान्यात भिंत पडलेली चालते, खोटी नोंद चालत नाही. नोकरी कशीबशी वाचली, निर्जंतुक विभाग मात्र कायमचा सुटला. इंद्रनीलची परीक्षा दुसऱ्या कुणी त्याच आठवड्यात घेतली. खोट्या नोंदीचे कारण त्यालाही कळवण्यात आले.

त्यानंतर माझी नेमणूक उपाहारगृहात झाली. महामारीमुळे एका टेबलाशी एकच मनुष्य बसत असे, आणि तो उठताच मी ते पुसत असे. मत्सर गेला होता, असे लिहिले तर ती दुसरी खोटी नोंद ठरेल. दाराशी इंद्रनील दिसला की मी अद्यापि दूरचे टेबल पुसायला वळे.

एके दुपारी तो आला आणि मी अजून न पुसलेल्या टेबलाशी बसला. जंतुनाशकाचे पाणी व फडके घेऊन मी जवळ गेलो. त्याने वर पाहिले. तो "काका" म्हणाला नाही. त्याने आपला डबा दोन्ही हातांनी उचलून धरला.

मी कडेपासून कडेपर्यंत टेबल पुसले. जंतुनाशक लावलेला पृष्ठभाग वाळण्यास एक मिनिट लागते. तेवढा वेळ तो डबा तसाच अधांतरी धरून बसला, आणि मी शेजारी उभा राहिलो.