निळ्या पडद्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आज मला कुणी सुरू करत नाही. पण एके काळी रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, राजश्रीच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात माझा थाट होता. तिचा नवरा बोटीवर नोकरीला. १९९८ साली त्याने मला आणलं आणि तो पुन्हा समुद्रावर गेला. राजश्री माझ्यासमोर बसून मराठी टायपिंग शिकली, पत्रिकांचा मजकूर जुळवू लागली. गिऱ्हाइकं म्हणत, "अक्षर कसं मोत्यासारखं आलंय!" मी मनातून सुखावत असे.

हे सासरी खुपत होतं. सासरे हरिश्चंद्र येता-जाता म्हणत, "घरातली बाई दिवसभर रस्त्यावर बसलेली बरी दिसते काय?" धाकटा दीर नितेश संगणकाचा कोर्स करून आला होता. राजश्री माहेरी गेलेली असताना त्याने तिला न विचारता माझी जुनी सिस्टिम काढून नवी चढवली.

तेव्हापासून माझी दशा झाली. काम रंगात यावं आणि पडदा निळा पडावा! जुळवलेला मजकूर गडप. का, ते मलाही कळेना.

"वहिनी, तुम्हीच कायतरी भलतं दाबता," नितेश म्हणाला.

"इतकी वर्षं मीच दाबतेय भावजी. तेव्हा नाही तो बंद पडला?"

नितेशने रागाने माझ्या कुशीत अशी थप्पड मारली की पत्राच दबला. "भंगारात घाला हा डबा!"

"घाला," सासरे म्हणाले. "दुकानपण बंद होईल."

तेवढ्यात मासळी विकणाऱ्या गंगुबाई आल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर दोनदा जुळवून दोनदा नाहीसा झाला होता. "लगीन लागल्यावर त्या पत्रिकांत पापलेटं बांधू काय गो?" त्या कडाडल्या. "आज नाय दिलीस तर सगळ्या बंदरात सांगेन!"

राजश्रीने एकेक जोडणी तपासायला घेतली. आधी प्रिंटरची तार काढली. मी पुन्हा कोसळलो, पडदा निळाच. मग माउस काढला, पुन्हा मजकूर जुळवायला घेतला. इतक्यात टेबलावरचा फोन खणखणला आणि पडदा निळा झाला. तिची बोटं जागीच थबकली.

"मावशी, समोरच्या टेलिफोन बूथवरून इथे फोन करा बघू."

गंगुबाई कुरकुरत गेल्या. राजश्री दोन्ही हात वर करून बसली. फोन वाजला. मी कोसळलो.

"बघा भावजी. आता मी काय दाबलं?"

फोनची तार माझ्या पोटातल्या, इंटरनेटसाठी बसवलेल्या जुन्या मोडेम कार्डात खोचलेली होती. नव्या सिस्टिमचं आणि त्या कार्डाचं जुळत नव्हतं. राजश्रीने मला बंद केलं, पत्रा उघडला, कार्ड उपसून काढलं. मग फोन कितीदा वाजला, पण मी ढळलो नाही. संध्याकाळी गंगुबाई पत्रिका घेऊन गेल्या.

"माझ्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही," राजश्री म्हणाली. नितेश चप्पल घालून निघून गेला.

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी कारण शोधा, माणसाला दोषी धरू नका. आणि ज्याची वस्तू, त्याला विचारल्याशिवाय तिच्यात ढवळाढवळ करू नका. एक कार्ड काढलं आणि मी बरा झालो. दीर-भावजयीत मात्र त्या दिवशी अबोला पडला. तो संपवायला त्या घरातून काय उपसून काढायचं, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.