कावीळ उतरवणारी परात

"उतरली! उतरली!" सिन्नरजवळच्या मठात एकच गलका झाला. हर्षालीच्या हातांवर ओतलेलं स्वच्छ पाणी परातीत पडेपर्यंत पिवळंजर्द झालं होतं.

"बघा, पोटातली कावीळ बोटांतून निघाली. आता डॉक्टरची गोळी म्हणजे विष!" रावजी महाराजांनी डोळे मिटून सांगितलं.

शुभांगीला शिसारी आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि हर्षाली तिच्या शेजारणीची, रंगूबाईंची एकुलती एक लेक. महाराजांच्या शब्दावर पोरीची औषधं बंद झाली होती. आता तिला धड उभंही राहवत नव्हतं.

हातांवर ओतायचं ते पाणी शुभांगीनं मागेच तपासलं होतं. नुसती चुन्याची निवळी. हळदीचा संशय घ्यावा, तर हळद चुन्यात लाल होते. तिथंच तिचं घोडं अडलं. डॉक्टर वेदिका म्हणाल्या होत्या, "यकृताचं विचार, पाण्याचं मला काय कळतं?" वनस्पतिशास्त्राच्या संतोष सरांनी तर हात झटकले होते, "बुवाबाजी माझा विषय नाही."

आज तिनं दोघांनाही ओढून आणलं होतं. संतोष सरांची नजर अंगणातल्या आंब्यावर खिळली. "ह्याची एवढी साल कुणी सोलली?"

शुभांगी चमकली. "रंगूबाई, पाण्याआधी हाताला काय चोळतात?"

"परसाद. तुरट वास हाय त्याला."

शुभांगीनं प्रसादाची वाटी उचलली, सरांच्या हातांना रस चोळला आणि वरून निवळी ओतली. पाणी पिवळं!

"आंब्याच्या सालीचा रस चुन्यात पिवळा पडतो," ती ओरडली.

"सरांना कावीळ नाही," वेदिका म्हणाल्या. त्यांनी हर्षालीची पापणी खाली ओढली. "आणि हिची अजून डोळ्यांतच आहे."

"नास्तिकाचं पाप उतरलं ते!" महाराज गरजले.

"मग तुमचे हात द्या," शुभांगी म्हणाली.

महाराजांनी हात शालीत लपवले. रांगेतून कुणीतरी त्यांच्या दिशेनं थुंकलं.

दवाखान्याच्या वाटेवर हर्षाली बरळू लागली. रंगूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "मॅडम, गोळ्या मीच फेकल्या. मी अडाणी. पण तुम्ही तिघं शिकलेले, आधीच एकत्र का नाय आले?"

झाड, चुना आणि आईची भीती त्या भामट्यानं एकत्र केली होती. हे तिघे आपापल्या विषयाचं दार लावून बसले होते. शुभांगीला आता स्वतःचीही किळस आली.

हर्षाली अजून शुद्धीवर आलेली नाही. कावीळ परातीत दिसत नाही, ती डोळ्यांत आणि रक्तात दिसते. रोग्याला दवाखान्यात न्या. आणि ज्यांना थोडंफार कळतं, त्यांनी 'माझा विषय नाही' म्हणू नये.