पाटाच्या शेवटचं शेत

सगळं वाक्रापाम्पा गाव टेकडीवर प्रार्थनेला गेलं होतं. बासिलियानं भर दुपारी कुदळ घातली आणि इलारिओच्या शेताचा बांध फोडला. पाणी खळखळत तिच्या मक्याकडं वळलं. तेवढ्यात सुटलेलं गाढव हुडकत इलारिओच तिथं येऊन उभा राहिला.

वीस वर्षं बासिलियाचं शेत पाटाच्या तोंडाशी होतं. पाणी आधी तिचं, मग बाकीच्यांचं. पाणीचोर म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तेव्हा शेवटचं शेत इलारिओचं. तिनंच एकदा त्याला पाणी चोरताना पकडून गावसभेपुढं उभं केलं; त्याच्या पाण्याच्या दोन पाळ्या कापल्या आणि मका उभ्यानं वाळला. यंदा डोंगर खचून जुना पाट गाडला गेला. नवा पाट पलीकडल्या अंगानं काढला, तर इलारिओ पहिला आला आणि ती शेवटची. मका तुऱ्यावर आलेला, आणि पाणी दोनदा वाटेतच संपलेलं.

"आक्का, तू?"

"घटकाभर वाहू दे रं. मका हातचा चाललाय."

"आन् माजा? लाज न्हाई वाटली? आमच्या घरात कुनी दुसऱ्याच्या पान्याला हात लावला न्हाई कदी!"

बासिलिया त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. तिला रागसुद्धा येईना. ती नुसती थकली होती.

दुसऱ्या दिवशी सभा बसली. पाण्याचा कारभारी आन्सेल्मो गालात कोकाची पानं धरून म्हणाला, "बोल बासिलिया."

"बांध मीच फोडला. पर पाळी एका साली वरनं, एका साली खालनं सुरू करा. कुनीच चोर ऱ्हानार न्हाई."

"म्हंजी चोरीला बक्षीस?" इलारिओ उसळला. वरच्या शेतांचे लोक माना डोलवू लागले, खालचे गुमान जमिनीकडं बघत बसले. तिच्या दोन पाळ्या कापल्या गेल्या.

संध्याकाळी ती हिरवा मका कापायला बसली. वाळण्याआधी घरच्या गिनीपिगांच्या तरी पोटात जाईल. इलारिओ बांधावर थबकला.

"आक्का, मनाला लावून घिऊ नगंस. नियम समद्यांस्नी सारकाच."

"व्हय रं," ती मान वर न करता म्हणाली, "पानीच तेवढं सारकं न्हाई."

आणि तिनं मक्याच्या पुढच्या ताटाला विळा लावला.