दोन बोटांचा फरक

अंगणात अशी झुंबड उडाली होती की मागच्यांना पुढच्यांची नुसती डोकीच दिसत होती. मधोमध उंच खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ पाय लांब करून बसले होते. त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर पांढऱ्या झग्यातले कणाबाबा. गृहस्थांच्या दोन्ही टाचा बाबांच्या हातांत होत्या आणि बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बघा मंडळी, स्वतःच्या डोळ्यांनी बघा," बाबा म्हणाले. "डावा पाय दोन बोटं आखूड. म्हणून कणा वाकडा, म्हणून कंबर धरते. डॉक्टर हाडांचे फोटो काढतात. पण हाडांच्या आतली लहर कुठल्या फोटोत दिसते, सांगा बरं?"

लहर कुठल्याच फोटोत दिसत नाही हे अगदी खरं होतं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. बाबांनी दीर्घ श्वास घेतला, काहीतरी पुटपुटले, आणि सगळ्यांच्या देखत डावा बूट हळूहळू उजव्याच्या बरोबरीला आला. गर्दीतून 'आहाहा' उमटलं. मग बाबांनी गृहस्थांना उठवलं. लहर अंगात मुरवायला म्हणून त्यांना अंगणात फेऱ्या मारायला लावल्या, हात वर करायला लावले, कमरेतून डावीउजवीकडे वळायला लावलं. शेवटी वाका म्हणाले. मघाशी गुडघ्यापर्यंत जेमतेम पोचणारे हात आता नडगीपर्यंत गेले. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ही सगळी मंडळी सहलीच्या एकाच बसमधून उतरली होती. सकाळपासून बस कुठे थांबली नव्हती. कोणी जरा उठू लागलं की सहलीचा मॅनेजर हात दाखवून खाली बसवायचा. "उशीर होईल, मंडळी. पाय मोकळे करायला पुढे मस्त जागा आहे." ती मस्त जागा म्हणजे बाबांचं अंगण. उतरताना प्रत्येकाची कंबर लाकडासारखी झाली होती, आणि त्यात टेलरमास्तर सगळ्यांत पुढे होते.

मास्तर जन्मभर मशीनवर वाकून बसलेले. कंबर जुनीच दुखणेकरी, पण हल्ली डाव्या पायाचा अंगठा बधिर व्हायला लागला होता. नस दबत असावी असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, रोजचा व्यायाम सांगितला होता आणि सहलीवरून परतल्या परतल्या तपासणीला बोलावलं होतं. चालढकल केली तर पाय अधू होईल, मग मशीन कोण चालवणार, असंही बजावलं होतं. गोळ्या मास्तर घेत. व्यायामाचं नाव काढलं की मात्र त्यांना नेमकं कोणाचं तरी अर्जंट काम आठवे.

त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. अख्खी बस तिला बाई म्हणत होती.

"अहो, आपण जरा बाजूला फिरून येऊ," बाई म्हणाल्या. "तेवढ्यानेही बरं वाटेल."

"अगं, समोर पाय वाढतोय माणसाचा, आणि तू फिरायला काय नेतेस," म्हणून मास्तर रांगेत घुसले.

त्यांचाही डावाच पाय निघाला, तोही दोन बोटंच आखूड. मास्तर सवयीने बूट काढायला वाकले, तर बाबांनी हात धरला. "राहू दे, बाळा. लहर जमिनीत उतरेल." बाळाचं वय बाबांपेक्षा सहज जास्त असेल. उंबरा दिसला की माणसं आपसूक पायातलं काढतात, आणि इथे काढू देत नाहीत, हे बाईंना खटकलं. त्या वाकून बघणार एवढ्यात बाबांच्या शिष्याने त्यांना मागे सारलं.

फेऱ्या झाल्या, वाकून झालं. मास्तर एखाद्या पोरासारखे हसत परत आले. कमरेला बाबांनी दक्षिणा घेऊन बांधलेला, काळ्या दोऱ्यात ओवलेला एक गुळगुळीत दगड होता. बसमध्ये चढण्यापूर्वी त्यांनी बाबांच्या सांगण्यावरून खिशातल्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि दवाखान्यात फोन लावला.

"तपासणी रद्द करा," ते म्हणाले. "गरज उरली नाही."

बाईंना भीती वाटली. राग नंतर आला. त्या रात्री त्यांनी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोलाही धरून पाहिला. मास्तर ढिम्म. तळ्याकाठच्या हॉटेलात मुक्काम होता. बाकीची मंडळी होड्यांतून हिंडत होती, आणि हे दगड बांधून आरामखुर्चीत पडून असत. कंबर पुन्हा धरली तेव्हा म्हणाले, "दगडातली शक्ती उतरली असणार. परतताना भरून घेऊ."

परतीची बस त्याच रस्त्याने जाणार होती. बाई कधी खोटं बोलत नसत, पण त्या सकाळी बस सुटल्यावर थोड्याच वेळात त्यांना मळमळायला लागलं. ड्रायव्हरने बस थांबवली. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "एकटीला बरं नाही वाटत. सगळ्याजणी चला ना." बायका उतरल्या, त्यांच्या मागोमाग पुरुष उतरले. झाडाखाली जरा चालून, आळोखेपिळोखे देऊन सगळे परत बसले. तासाभराने बाईंना पुन्हा मळमळलं. मॅनेजर धुसफुसला, पण बसमध्ये कोणी ओकलं तर धुवायचं कोणी, या प्रश्नापुढे त्याचं काही चालेना. असं वाटेत बऱ्याच वेळा झालं. जाडजूड गृहस्थ तर पुढे पुढे स्वतःच विचारू लागले, "बाई, अजून नाही का मळमळत?"

बाबांच्या अंगणात मंडळी उतरली ती हसतखेळत.

"कोणाचा कणा रडतोय?" बाबांनी गंभीर आवाजात विचारलं.

एकही हात वर आला नाही. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कोणी कमरेला हात लावून चाचपून पाहिलं. दुखत कुणाचंच नव्हतं. बाबांनी मॅनेजरकडे पाहिलं आणि मॅनेजरने ड्रायव्हरकडे.

"माझ्याकडे काय बघता, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "एरवी तुम्हीच थांबू देत नाही. म्हणता, माणसं इथे आखडलेलीच उतरली पाहिजेत."

मंडळींच्या माना मॅनेजरकडे वळल्या. मास्तर मात्र हट्टाने खुर्चीवर जाऊन बसले. "बाबा, माझी शक्ती भरून द्या."

बाबांना जरा धीर आला. त्यांनी टाचा धरल्या, डोळे मिटले. "उजवा पाय दोन बोटं आखूड."

"गेल्या वेळी डावा होता," बाई म्हणाल्या.

"लहर फिरते."

"फिरू दे. अहो, तुम्ही स्वतःची पँट स्वतःच शिवता ना?"

"म्हणजे काय. दुसऱ्याच्या हाताची मला चालत नाही."

"मग दोन्ही पायांना वेगवेगळी लांबी ठेवता का?"

मास्तरांनी वाकून आपल्या पँटच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. अर्ध्या बोटाचा फरक पडला तरी गिऱ्हाईक पँट परत आणतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांच्या दोन्ही पायांवर एकाच मापाची पँट होती, आणि दोन्हीकडे ती बुटावर सारखीच टेकत आलेली होती.

"श्रद्धेला माप लावू नये," बाबा घाईने म्हणाले.

"श्रद्धेला नाही, पायाला लावतेय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचे बूट सरळ उतरवले. अनवाणी टाचा शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही बरोबर. मग बूट पुन्हा घातले, उजव्या बुटाची टाच अंगठ्याने किंचित बाहेर ओढली, आणि डावा पाय आखूड दिसू लागला. तोच बूट हळूच आत ढकलला. डावा पाय वाढला.

"आता उजवा आखूड करून दाखवू?" त्यांनी विचारलं. जाडजूड गृहस्थ इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"यात जादू नाही," बाई मंडळींकडे वळून म्हणाल्या. "बसून बसून कंबर आखडते, चाललं-फिरलं की मोकळी होते. तेवढ्यासाठी बाबा लागत नाही, बस थांबवणारा ड्रायव्हर लागतो. प्रवासात दर तासाला उतरा, वाका, चाला. आणि एवढं करूनही दुखलं किंवा पाय बधिर झाला, तर सरळ डॉक्टरकडे जा. कोणी गोळ्या टाकून दे म्हणालं तर आधी त्याला विचारा, का टाकू?"

बाबा कधी आत गेले ते कोणाला कळलंही नाही. दगड बांधून घेतलेल्या आठ-दहा जणांनी काळे दोरे सोडून स्टुलावर ठेवले. मास्तरांनी आपला दोरा सर्वांत शेवटी सोडला. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "माप घेतल्याशिवाय मी कोणाच्या कापडाला कात्री लावली नाही कधी. आणि माझ्या पाठीला बिनमापाची लावून बसलो. अंगठा अजून बधिरच आहे, तुला सांगितलं नव्हतं."

बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला.

मास्तरांनी दवाखान्याचा नंबर लावला. "मी टेलर बोलतोय," ते म्हणाले. "तपासणी रद्द केली होती ना, ती चूक झाली. उद्या सकाळी पहिला नंबर द्या. आणि डॉक्टरांना सांगा, व्यायाम केलेला नाही, खरं तेच सांगतोय."